जुन्या बाजारातली 'फिरकी': विंटेज फिशिंग रील ओळखायचं कसं आणि पाण्यावर न्यायचं कसं

बुधवारी सकाळी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात चक्कर मारायची माझी सवय आहे, काही घ्यायचं नसलं तरी. तिथे एका ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, रेडिओचे नॉब आणि काटे नसलेलं एक घड्याळ पडलं होतं आणि त्यांच्यात एक लाकडी चाक, मागे पितळेची फुली, दोन छोट्या मुठी. मी उचललं तर विक्रेता म्हणाला, "घ्या ना दादा, पतंगाची फिरकी आहे, जुन्या काळची, आता अशी मिळत नाय." मी पण काही बोललो नाही. फिरकीचा भाव केला आणि फिरकीच्याच भावात घरी आणलं.

ते निघालं नॉटिंगहॅम पद्धतीचं सेंटरपिन रील. मासे पकडायचं, म्हणजे गळाच्या काठीला, रॉडला, लावायचं चाक, ज्यावर गळाचा दोरा, लाइन, गुंडाळतात. पुण्यात असल्या वस्तू निघतात याचं नवल वाटायला नको, खडकी आणि कॅम्पात इतकी वर्षं पलटणी होत्या, खडकवासल्याच्या तळ्याला साहेब लोक लेक फाइफ म्हणायचे, आणि गळ टाकून बसणं हा त्यांचा रविवारचा धंदा. ते गेले, सामान माळ्यांवर राहिलं, आता बंगले पडतात तसं भंगारात येतंय. मित्र विचारत असतात की ओळखायचं कसं, घ्यायचं का, वापरता येतं का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं काम: नाव वाचू नका, स्पूल कुठे तोंड करून आहे ते बघा

नवखा माणूस आधी ब्रँड शोधतो आणि फसतो. आधी प्रकार ओळखा. स्पूल म्हणजे रीलचा तो भाग ज्यावर लाइन गुंडाळलेली असते. रील पायावर धरा, म्हणजे रॉडला जो पट्टीसारखा भाग बसतो त्यावर, आणि मग बघा.

स्पूल चाकासारखं उभं आहे, मुठी थेट स्पूलवरच बसवल्यात, एक फेरा मुठीचा म्हणजे एक फेरा स्पूलचा, तर ते सेंटरपिन किंवा फ्लाय रील, म्हणजे नकली माशी लावून मासा पकडायचं. दोघांत फरक सोपा आहे: सेंटरपिनला सहसा दोन मुठी असतात आणि बोटाने टिचकी मारली की स्पूल बराच वेळ मोकळं फिरत राहतं, फ्लाय रीलला बहुतेक एकच मूठ आणि फिरवताना कर्रर्र आवाज.

स्पूल आडवं, दोन गोल पाट्यांच्या मधे, मूठ एका बाजूला आणि मुठीच्या एका फेऱ्यात स्पूल तीन-चार वेळा फिरतं, तर ते मल्टिप्लायर. नाव तिथूनच आलं.

आणि स्पूलचं तोंड रॉडच्या टोकाकडे, स्पूल जागेवर उभं आणि तारेची कमान त्याच्याभोवती फिरते, ते फिक्स्ड स्पूल, ज्याला आपण सगळे नुसतं स्पिनिंग रील म्हणतो. त्या कमानीला बेल म्हणतात.

आता याचा उपयोग बघा. मला एकाने असं कमानवालं रील "दीडशे वर्षं जुनं, राजवाड्यातलं" म्हणून दाखवलं होतं. फिक्स्ड स्पूलचं पेटंट अल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या इंग्रजाने घेतलं १९०५ मध्ये, आणि पूर्ण गोल बेल आली १९३०च्या दशकात, हार्डीच्या अल्टेक्स रीलवर १९३२ला. म्हणजे पूर्ण बेल दिसली की रील त्याच्या आधीचं नाहीच, मग सांगणारा कितीही शपथा खाऊ दे. अर्धी बेल, म्हणजे आकड्यासारखी एक वाकडी दांडीच असेल, तर मात्र थांबून बघा, ती जुनी पद्धत.

दुसरं काम: मटेरियल, नाकाने आणि अंगठ्याने

लाकूड असेल तर बहुतेक अक्रोड नाहीतर महोगनी. मागची पितळी फुली शोभेची नाही हां, लाकूड दमट हवेत वाकतं म्हणून ते धरून ठेवायला ती पट्टी मारलेली असते. चांदणीच्या आकाराची असेल तर संग्राहक त्याला स्टारबॅक म्हणतात. माझं रील जुलैत अडकून बसतं आणि एप्रिलमध्ये पंख्यासारखं फिरतं, दर वर्षी.

काळ्या पाट्या असतील तर इबोनाइट (कडक केलेलं रबर) की बेकेलाइट (जुन्या काळचं प्लास्टिक) हा प्रश्न. अंगठ्याने एकाच जागी जोरात घासा, गरम झालं की लगेच वास घ्या. गंधकाचा, जळक्या रबराचा वास आला तर इबोनाइट, आणि ज्यांनी इबोनाइटचं शाईपेन वापरलंय त्यांना हा वास सांगायला नको. बेकेलाइटला फिनाइलकडे झुकणारा कार्बोलिक वास येतो. उन्हात पडलेलं इबोनाइट हिरवट तपकिरी होतं, आणि गरम पाण्यात घातलं तरी तसंच होतं, म्हणून ते कधीच उकळत्या पाण्यात टाकू नका. गरम सुई टोचून बघायची एक टेस्ट लोक सांगतात, ती तर करूच नका, वस्तूला भोक पडतं आणि वर तुमचं समाधान पण होत नाही.

पांढरट चांदीसारखा धातू दिसला म्हणून चांदी समजू नका, ते जर्मन सिल्व्हर, त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. मूठ हस्तिदंती आहे असं कुणी म्हणालं तर सरळ खाली ठेवा, आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यवहारावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे, छंदापायी ती भानगड कोण घेणार.

स्क्रू पण बघा. एका खाचेचे असायला हवेत. चार खाचांचे, म्हणजे फिलिप्स, हे १९३०च्या दशकात बाजारात आले. जुन्या पितळी रीलमध्ये फिलिप्स स्क्रू दिसला तर एकतर कुणीतरी बदललाय नाहीतर ते अख्खं रीलच शोपीस आहे. पितळी होकायंत्रं आणि दुर्बिणी जशा 'अँटिक' म्हणून नव्या बनवून विकतात तशी रीलं पण मिळतात. ओळख अशी की कोपऱ्यांत मुद्दाम काळा रंग भरलेला असतो पण मूठ, जिथे माणसाचा हात खरंच लागतो, तिथे झीज काहीच नाही. खऱ्या जुन्या वस्तूत उलटं असतं, मूठ गुळगुळीत आणि पाय वापरून झिजलेला.

तिसरं काम: आता वाचा, पण भिंग घेऊन

पायाच्या खालची बाजू, पाटीची आतली बाजू आणि स्पूल काढल्यावर दिसणारा तळ, या तीन जागा. देशाच्या नावावरून काळ कळतो. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातला जपान, १९५२ मध्ये ते संपलं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०. डाम कंपनीची क्विक रीलं अशी बरीच सापडतात, जड, दणकट, फिरवली की कळतं की आतला गियर लोण्यासारखा आहे.

इंग्लंडात दोन गावं लक्षात ठेवा. ॲनिक, जिथे १८७२ला हार्डी सुरू झाली, आणि रेडिच, जिथे आधी सुया बनायच्या आणि मग त्याच हातांनी गळ आणि रीलं बनायला लागली. ऑलकॉकचं एरियल हे सेंटरपिन रेडिचचं, आणि जे. डब्ल्यू. यंगची ट्रूडेक्स, रॅपिडेक्स, अँबिडेक्स अशी 'डेक्स'वाली सगळी नावं पण तिथलीच. हार्डीच्या परफेक्ट या फ्लाय रीलच्या आतल्या बाजूला ज्या कारागिराने ते जुळवलं त्याच्या नावाची आद्याक्षरं ठोकलेली सापडतात, मला ही गोष्ट फार आवडते. परफेक्ट उघडताना खाली टॉवेल अंथरा, आत बॉल बेअरिंगचे छर्रे असतात आणि ते पळतात.

स्वीडनचं ॲबू. मुळात १९२१ला स्वेंगस्टा गावात घड्याळं बनवायला निघालेला कारखाना, पुढे टॅक्सीचे मीटर पण केले, म्हणून त्यांच्या रीलला घड्याळजीचा हात लागलेला जाणवतो. लाल रंगाचं ॲम्बॅसेडर ५००० हे १९५०च्या दशकातलं त्यांचं नाव झालेलं मॉडेल. नंतरच्या मॉडेलच्या आकड्यापुढे सी आलं की बॉल बेअरिंग, ५००० सी काळ्या रंगात. १९७०च्या दशकापासूनच्या रीलांच्या पायाखाली सहा आकडी नंबर असतो, त्यातले पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे, म्हणजे ७६०३ने सुरुवात असेल तर मार्च १९७६. त्यावरून साधारण काळ कळतो, अगदी वाढदिवस काढत बसू नका.

फ्रान्सचं मिचेल ३०० आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतं असा माझा अनुभव. अंड्यासारखं काळं अंग, क्लूज गावातलं. मूठ डावीकडे असेल तर ३००, उजवीकडे असेल तर ३०१. 'गार्सिया' पण लिहिलं असेल तर ते अमेरिकेच्या बाजारासाठी गेलेलं, म्हणजे इथे कुणाच्या तरी सुटकेसमधून आलंय. अमेरिकेचं पेन, फिलाडेल्फियाचं, १९३२चं घराणं, सेनेटर १९३६चं. हे समुद्राचं काम, कोकणात न्यायला ठीक, मुळशीत सेनेटर घेऊन बसणं म्हणजे उंदराला तोफ.

घेण्याआधी दोन मिनिटं

मूठ हळू फिरवा, डोळे मिटून. खरखर आली तर माती किंवा वाळलेलं ग्रीस, ते निघतं. पण दर फेऱ्यात एकाच जागी अडखळलं तर गियरचा दात गेलाय, ठेवून द्या. स्पूल हलवून बघा, थोडी ढिलाई चालते, लटपट नाही. काळ्या पाट्यांवर स्क्रूच्या भोकापासून निघालेली केसासारखी चीर शोधा, ती वाढतेच. स्पूलच्या काठावरून कापसाचा बोळा फिरवा, जिथे तंतू अडकेल तिथे खाच आहे आणि तिथेच तुमची लाइन कापली जाणार. बेलवर जिथून लाइन जाते तिथे नखाने बघा, तासलेली चर लागली तर तो भाग बदलावा लागेल. आणि पाय कानशीने घासून बारीक केलाय का तेही बघा, बऱ्याच लोकांनी नव्या रॉडला बसावं म्हणून घासलेत आणि वस्तूची किंमत तिथेच संपवलीये.

उघडणं

इथे घाई करणाऱ्याचं काही खरं नाही. आधी स्क्रूच्या खाचेत पूर्ण भरेल असा स्क्रूड्रायव्हर आणा, बोहरी आळीत सगळ्या मापाचे मिळतात, घरातला एकच सगळीकडे चालवू नका, खाच सोलली की संपलं. स्क्रू हलत नसेल तर रॉकेल किंवा पेनिट्रेटिंग ऑइलचा एक थेंब, आणि एक रात्र. हलला नाही तर अजून एक थेंब, अजून एक रात्र. काही जागी आटे उलटे असतात, म्हणून जोर लावायच्या आधी दुसऱ्या बाजूला पण हलकंच फिरवून बघा.

प्रत्येक भाग काढला की मोबाइलवर फोटो. आणि भाग ठेवायला इडलीपात्र. थट्टा नाही, पहिल्या खळग्यात पहिला भाग, दुसऱ्यात दुसरा, असं क्रमाने ठेवत जायचं आणि जोडताना उलटं यायचं, याच्याहून चांगला ट्रे मला अजून मिळाला नाहीये, फक्त घरी आधी विचारून घ्या. स्प्रिंग असलेला भाग मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा, उडाली तरी पिशवीतच राहील. माझी एक स्प्रिंग सोफ्यात गेलीये ती अजून तिथेच आहे. ॲम्बॅसेडर ५००० या बाबतीत सभ्य आहे, बोटाने फिरवायचे तीन स्क्रू सोडले की एक बाजू निघून स्पूल हातात येतं, हत्यार लागत नाही.

साफ करणं, आणि काय करायचं नाही

पितांबरी लावायची नाही. चिंच नाही, लिंबू नाही, ब्रासो नाही. तुम्हाला तो तांब्या चकचकीत करायचा नाहीये. जुन्या पितळेवरचा तपकिरी थर शंभर वर्षांत आलेला असतो आणि पाच मिनिटांत जातो, आणि गेल्यावर घेणारा माणूस निम्माच भाव सांगतो. फक्त जिथे पितळ कळकलंय, हिरवं झालंय, तो हिरवा भाग खातो म्हणून काढायचा, तेलात बुडवलेल्या दातकोरणीने किंवा बांबूच्या काडीने, खरवडत नाही तर रेटत. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर तेच. आतले धातूचे भाग रॉकेलमध्ये ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडे करा. इबोनाइट, लाकूड आणि चामडं रॉकेलपासून लांब.

तेल म्हणाल तर शिलाई मशीनचं, दांडीवर आणि बेअरिंगला एकेक थेंब. गियरला पातळ लिथियम ग्रीस, दातांवर फिल्म दिसेल इतकंच, लोणी फासल्यासारखं नको. खोबरेल तेल अजिबात नको, आणि हे मी अनुभवाने सांगतोय. एक मिचेल आणलं होतं, मूठ हलेना, मला वाटलं गियर गेला, उघडलं तर आत पिवळट डिंक आणि वास ओळखीचा. आधीच्या मालकाने प्रेमाने खोबरेल घातलं होतं. ते साधारण २४ अंशाखाली थिजतं, आणि पुण्यात डिसेंबरच्या पहाटे, पाणवठ्यावर तर विचारूच नका, शिवाय वर्षानुवर्षं राहिलं की खवट होऊन चिकटतं. दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवल्यावर रील आतून नव्यासारखं निघालं, आता माझं तेच सगळ्यात लाडकं आहे.

ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागला की लाइन तुटण्याआधी स्पूल सरकू देणारा ब्रेक. आत चामड्याच्या, फेल्टच्या किंवा फायबरच्या चकत्या असतात. चामडं कडक झालं असेल तर तेलात रात्रभर मऊ होतं, तुकडे पडले असतील तर चपला शिवणाऱ्याकडून पातळ चामड्याचा तुकडा घ्या, जुनी चकती वर ठेवून आखा आणि कापा. जाडी तेवढीच हवी. पितळी भाग तुटला असेल तर तांबट आळीत किंवा लेथवाल्याकडे बनवून मिळतो, पण मूळ भाग फेकू नका, डबीत ठेवा.

लाइन भरणं

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जुन्या मल्टिप्लायरची प्लास्टिक किंवा बेकेलाइटची स्पूलं ही लिनन लाइनच्या काळातली. आजची नायलॉनची तंगूस ताणली जाते, मासा लढवताना ताणातच गुंडाळली जाते, मग आकसते आणि स्पूलला आतून असं दाबते की स्पूल फुटतं. जुन्या पेनची स्पूलं अशी फुटलेली आहेत. म्हणून एकतर धातूचं स्पूल बघा, नाहीतर न ताणणारी डेक्रॉन भरा.

मिचेल ३००ला १० ते १२ पौंडाची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, नायलॉन मस्त. स्पूलच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली थांबा, जास्त भरली तर वेटोळी सुटून गुंता, कमी भरली तर लांब जात नाही. ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, गुळगुळीत धातूवर अख्खीच्या अख्खी घसरते, खाली थोडी नायलॉन गुंडाळून घ्या. माझं मत विचाराल तर जुन्या बेलवर ब्रेड नकोच, ती करवतीसारखी चर पाडते. आणि जुन्या रीलवर आलेली रेशमी लाइन कितीही सुंदर दिसली तरी तिच्यावर मासा लावू नका, कुजलेली असते.

पाण्यावर

आधी मैदानात. गळ न लावता नुसतं शिसं बांधून फेका. मिचेल कुणालाही जमतं. मल्टिप्लायरला शिकावं लागतं: शिसं टोकाला लटकवा, स्पूल मोकळं करा, बाजूची टोपी इतकी आवळा की शिसं सावकाश खाली येईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. फेकताना अंगठा स्पूलवर, पाण्यात पडायच्या क्षणी दाबायचा. विसरलात तर लाइनचा असा गुंता होतो की अर्धा तास मुकाट्याने बसून सोडवावा लागतो. सेंटरपिनने लांब फेकायचा हट्टच नको, ते पाण्यावर तरंगणारा फ्लोट लावून ११ ते १३ फुटी रॉडने जवळच्या पाण्यात वापरायचं, ब्रेक म्हणजे तुमचा अंगठा, मासा पळतो तेव्हा स्पूलची कड बोटाला चाटत जाते, ती मजा बाकी कशात नाही.

पाय नव्या रॉडच्या सीटमध्ये, म्हणजे रील बसवायच्या जागेत, बसत नसेल तर घासायचा नाही हे परत सांगतो, कापडी टेप गुंडाळा किंवा सरकत्या रिंगांचा रॉड घ्या.

ड्रॅग सेट करायला बॅगा तोलायचा काटा लाइनच्या टोकाला बांधा आणि ओढा. लाइनच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश वजनाला स्पूल सरकायला हवं, पाच किलोच्या लाइनला सव्वा ते दीड किलो. जुना ड्रॅग आधी चिकटतो आणि मग एकदम सुटतो, म्हणून दोन-चारदा ओढून मगच बसा.

जागा पवना, पानशेत, मुळशी, कुठलीही, पण आधी परवानगीचं बघा, बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो, तिथल्या सोसायटीच्या माणसाला विचारून बसलं की तोच कुठे मरळ आहे ते पण सांगतो. खडकवासल्याला लष्करी हद्दीच्या आसपास जाऊच नका. तिलापिया, रोहू, कटल्याला मिचेल पुरतं. आणि चुकून महसीर, म्हणजे आपली खडस, लागलीच तर ओल्या हाताने गळ काढून परत सोडा. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये या माशाला शास्त्रीय नाव दिलं, 'खुद्री', ते आपल्याच मुळा-मुठेतल्या माशावरून. आज बंडगार्डनच्या पुलावरून खाली बघितलं की खरं वाटत नाही.

घरी आल्यावर रील नळाखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने, दांडीला एक थेंब तेल. ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवा, आवळलेल्या चकत्या चपट्या होऊन बसतात. चामड्याचं मूळ केस मिळालं असेल तर ते कपाटात वेगळं ठेवा, पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि गणपतीला उघडाल तर रील हिरवं. सुती पिशवी, सिलिका जेलची एक पुडी, आणि आत एक चिठ्ठी: लाइन कुठली, किती पौंडाची, कधी भरली.